नियंत्रण झडप निकामी झाली तर? वायुवाहिन्यांचे अतिदाबापासून संरक्षण

स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिरामुळे महाराष्ट्रभर परिचित असलेले पावस हे रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरवर वसलेले गाव. आंबा-काजूच्या बागा आणि जांभ्या दगडाची घरे ही या गावाची जुनी ओळख. मात्र याच परिसरात, गोळप-रनपारच्या किनाऱ्यावर, पीव्हीसीचा मोठा कारखाना गेली अनेक वर्षे उभा आहे. जिल्ह्याच्या उत्तर भागात, गुहागर तालुक्यातील अंजनवेल-वेलदूरच्या किनाऱ्यावर, दाभोळचा वायुआधारित वीजप्रकल्प व द्रवीभूत नैसर्गिक वायूचे टर्मिनल आहे. तेथून निघालेली दाभोळ-बंगळुरू वायुवाहिनी २०१३ साली कार्यान्वित झाली. सुमारे एक हजार किलोमीटर लांबीची ही वाहिनी सह्याद्री चढून दख्खनच्या पठारावर जाते. रत्नागिरी जिल्ह्यात घरोघरी नळाने गॅस पुरविण्याचा परवाना असलेली कंपनी २०२४ साली मुंबईच्या महानगर गॅस कंपनीने ताब्यात घेतली. सिलिंडरची नोंदणी करून वाट पाहण्याची सवय असलेल्या कोकणात आता गॅसही पाण्याप्रमाणे नळाने येऊ लागला आहे.

अशा वेळी एक साधा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. मुख्य वाहिनीत गॅसचा दाब प्रचंड असतो; स्वयंपाकघरातील शेगडीला मात्र तो अगदी अल्प लागतो. हा दाब उतरवणारी झडपच बिघडली, उघडी ती उघडीच राहिली, तर काय होईल? या प्रश्नाचे उत्तर अभियंत्यांनी अनेक दशकांच्या अनुभवातून, आणि काही वेळा मोठी किंमत मोजून, शोधले आहे.

दाबाची उतरंड

दाब मोजण्याचे प्रचलित एकक म्हणजे बार. एक बार म्हणजे ढोबळमानाने आपल्याभोवतीच्या वातावरणाचा दाब. दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो वजन ठेवावे इतका. घरातील प्रेशर कुकरची शिटी वाजते तेव्हा आत वातावरणाहून सुमारे एक बार अधिक दाब असतो. राज्याराज्यांतून जाणाऱ्या वायुवाहिन्यांत हाच दाब साधारणतः ५० ते ९० बारपर्यंत असतो. शहराच्या वेशीवरील केंद्रात तो २० बारच्या आसपास उतरवला जातो. पुढे वस्त्यांसाठी असलेल्या दाबनियंत्रण केंद्रात तो ४ बार वा त्याहून खाली येतो, कारण येथून पुढे पिवळ्या पॉलिथिलीनच्या नळ्या सुरू होतात. इमारतीपाशी तो सुमारे १०० मिलिबार आणि शेगडीपाशी अवघा २१ मिलिबार राहतो. म्हणजे मुख्य वाहिनीपासून चुलीपर्यंत येईतो दाब हजारो पटींनी कमी झालेला असतो.

या उतरंडीच्या प्रत्येक पायरीवर एक नियंत्रण झडप, अर्थात रेग्युलेटर, बसविलेला असतो. त्याच्या अलीकडचे लोखंड जाड व मजबूत, पलीकडचे तुलनेने पातळ. पुढे तर प्लॅस्टिकच. पलीकडची नळी अलीकडच्या दाबासाठी घडविलेलीच नसते. त्यामुळे झडप पूर्ण उघडी राहणे हा केवळ यंत्रातील बिघाड राहत नाही. मजबूत नळीतील दाब दुबळ्या नळीवर चालून जाण्याची ती सुरुवात असते.

नळीची ताकद किती?

पोलादी नळी किती दाब सोसेल हे तीन गोष्टींवर अवलंबून असते : पोलादाची प्रत, नळीच्या भिंतीची जाडी आणि नळीचा व्यास. जाडी दुप्पट केली की ताकद दुप्पट होते; व्यास दुप्पट केला की ती निम्मी होते. उदाहरणादाखल, १२ इंची नळी घेऊ. तिचा बाह्य व्यास ३२३.९ मिलिमीटर, जाडी ६.४ मिलिमीटर आणि पोलाद एक्स-५२ प्रतीचे असेल, तर सुमारे १४१ बार दाबाला ते पोलाद कायमचे ताणले जाऊ लागते.

याचा अर्थ ती नळी १४१ बारवर चालवावी असा मुळीच नव्हे. वायुवाहिन्यांच्या प्रचलित अमेरिकी संहितेनुसार आणि तिच्या धर्तीवर बेतलेल्या भारतीय नियमांनुसार, वाहिनी जेथून जाते तेथील वस्तीची दाटी पाहून हा आकडा खाली आणला जातो. विरळ वस्तीच्या भागात ७२ टक्के, त्याहून अधिक वस्ती असेल तर ६० टक्के, दाट वस्तीत ५० टक्के आणि उंच इमारतींच्या भागात ४० टक्के. म्हणजे वरीलच नळी कातळसड्यावरून जात असेल तर सुमारे १०२ बारपर्यंत चालवता येईल. भरवस्तीत मात्र सुमारे ५७ बारच्या वर नाही. या मर्यादेला परवानगीप्राप्त कमाल कार्यदाब म्हणतात. झडप बिघडली तरी दाब या मर्यादेपलीकडे नाममात्रच, साधारणतः दहा टक्क्यांहून अधिक नाही, असा जाऊ द्यावा, हे अतिदाब संरक्षणाचे मूळ सूत्र होय. अतिशय कमी दाबाच्या जाळ्यांसाठी ही सवलत वेगळ्या प्रमाणात मोजली जाते.

झडप बिघडते कशी?

सर्वसाधारण रेग्युलेटरमध्ये एक लवचिक पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूस स्प्रिंगचा जोर आणि दुसऱ्या बाजूस पलीकडच्या नळीतील गॅसचा दाब. पलीकडचा दाब कमी झाला की स्प्रिंग जिंकते आणि झडप उघडते. दाब वाढला की पडदा मागे सरकतो आणि झडप मिटते. पलीकडचा दाब पडद्यापर्यंत पोहोचविण्यासाठी बोटाएवढी एक बारीक नळी असते. तिला संवेदन नळी म्हणावे. ही नळी म्हणजे रेग्युलेटरचे नाक-डोळे. तिला जे दिसेल तेच झडपेला खरे वाटते.

येथेच बिघाडाची बीजे आहेत. पडदा फाटला तर त्यावरचा दाब नाहीसा होतो, स्प्रिंग एकटी उरते आणि अनेक रचनांमध्ये झडप पूर्ण उघडते. संवेदन नळी तुटली, चोंदली किंवा तिच्यावरची छोटी तोटी कोणी चुकून बंद केली, तर पलीकडे दाबच उरला नाही असा झडपेचा समज होतो आणि ती अधिकाधिक गॅस सोडू लागते. वाहिनी जोडताना आत राहिलेला वेल्डिंगचा कण किंवा गंजाची पूड झडपेच्या बैठकीवर अडकली तर झडप पूर्ण मिटत नाही. मग रात्री वापर थांबल्यावरही थोडा थोडा गॅस झिरपत राहतो आणि दाब हळूहळू चढतो.

गॅसचा दाब एकदम उतरला की तो थंड होतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे. दर बारला साधारण अर्धा अंश सेल्सिअस असे हे प्रमाण आहे. म्हणजे ६० बारवरून २० बारवर येताना गॅस सुमारे २० अंशांनी गारठतो. त्यात बाष्पाचा अंश उरला असेल, तर बर्फासारखे दिसणारे हायड्रेटचे खडे तयार होऊन बारीक मार्ग अडवू शकतात. कोकणासारख्या दमट हवेत अशा नळ्यांना बाहेरून घाम सुटतो आणि खाऱ्या वाऱ्यामुळे गंजाचा धोका वाढतो. म्हणून येथील केंद्रांत रंगरोगणाची हयगय परवडत नाही.

मोठ्या केंद्रांतील झडपा विजेच्या संकेतांवर आणि दाबाखालील हवेवर चालतात. हा संकेत किंवा ही हवा नाहीशी झाल्यावर झडपेने उघडे राहावे, मिटावे की आहे तेथेच थांबावे, हे आरेखन करतानाच ठरवावे लागते. मिटली तर पलीकडची नळी सुरक्षित राहते, पण ग्राहकांचा पुरवठा खुंटतो. उघडी राहिली तर पुरवठा चालू राहतो, पण दाबाची जबाबदारी दुसऱ्या कोणावर तरी सोपवावी लागते. त्या ‘दुसऱ्या कोणा’चाच विचार आता करावयाचा आहे.

हाताशी वेळ किती?

गॅस दाबला जातो, त्यामुळे लांब वाहिनी ही एक प्रकारची साठवणटाकीच असते. वरील १२ इंची नळी १० किलोमीटर लांब असेल, तर तिची पोकळी सुमारे ७६० घनमीटर भरते. तिच्यातील दाब एक बारने वाढायला साधारण तेवढेच घनमीटर गॅस, वातावरणाच्या दाबाला मोजलेला, अधिकचा लागतो. बिघडलेल्या झडपेतून ताशी २० हजार घनमीटर जादा गॅस येऊ लागला, तर दाब सुमारे सव्वादोन मिनिटांना एक बार या गतीने चढेल. नियंत्रण कक्षातील दक्ष माणसाला काही करण्याइतका हा वेळ आहे.

आता वस्तीतील जाळे पाहू. १२५ मिलिमीटर व्यासाची, २ किलोमीटर लांबीची पॉलिथिलीनची नळी जेमतेम १६ घनमीटर पोकळीची असते. तेथे ताशी हजार घनमीटर जादा गॅस आला, तरी मिनिटाला एक बार दाब वाढतो. दूरध्वनी करून तंत्रज्ञ केंद्रावर पोहोचेपर्यंत सारे होऊन गेलेले असते. शेगडीलगतच्या, मिलिबारमध्ये मोजल्या जाणाऱ्या दाबाच्या नळ्यांत तर हा हिशोब सेकंदांत करावा लागतो. म्हणूनच वाहिनी जितकी घराजवळ येते, तितकी सुरक्षा माणसावर कमी आणि आपोआप चालणाऱ्या यंत्रणेवर अधिक सोपवली जाते.

संरक्षणाचे चार मार्ग

पहिला आणि सर्वांत जुना मार्ग म्हणजे सुरक्षा झडप. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ती उघडते आणि जादा गॅस उंच नळीवाटे आकाशात सोडून देते. कुकरच्या शिटीचे तत्त्व ते हेच. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, जवळजवळ निम्म्या वजनाचा, असल्याने मोकळ्या जागेत तो वर निघून जातो. सिलिंडरमधील एलपीजी मात्र जड असल्याने जमिनीलगत साचतो. या मार्गाचा मोठा गुण म्हणजे पुरवठा खंडित होत नाही. दोष असा की गॅस वाया जातो, कानठळ्या बसविणारा आवाज होतो आणि मिथेन वातावरणात मिसळतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने मिथेनची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक आहे. शिवाय, पूर्ण उघड्या झडपेतून येणारा सगळा गॅस बाहेर टाकू शकेल एवढी मोठी सुरक्षा झडप भरवस्तीत बसविणे शक्य होतेच असे नाही. म्हणून आज पुष्कळ ठिकाणी तिचे काम झिरपणाऱ्या गॅसपुरते मर्यादित ठेवलेले आढळते.

दुसरा मार्ग पहारेकरी रेग्युलेटरचा. यास मॉनिटर असे म्हणतात. एकाच नळीवर एकापाठोपाठ एक असे दोन रेग्युलेटर बसवतात. एक काम करतो. दुसरा पूर्ण उघडा राहून केवळ लक्ष ठेवतो. त्याची मर्यादा किंचित वर ठरवलेली असते. कामाचा रेग्युलेटर उघडा अडकला आणि दाब चढू लागला की पहारेकरी हळूहळू मिटून दाब आपल्या मर्यादेवर थोपवतो. ना गॅस वाया जातो, ना पुरवठा थांबतो. नियंत्रण कक्षाला तर केवळ एवढेच दिसते की, दाब नेहमीपेक्षा थोडा वर स्थिरावला आहे. हीच बिघाडाची खूण.

तिसरा मार्ग तत्काळ बंद होणाऱ्या झडपेचा. तिला स्लॅम-शट म्हणतात, आणि नावाप्रमाणेच ती खटक्यासरशी बंद होते. उंदराच्या सापळ्याप्रमाणे तिची स्प्रिंग ताणून ठेवलेली असते. दाब मर्यादेपलीकडे गेला की खटका सुटतो आणि क्षणार्धात झडप मिटते. तिला वीज लागत नाही, संगणक लागत नाही. एकदा मिटली की ती आपोआप उघडतही नाही. तंत्रज्ञाने जागेवर येऊन, बिघाडाचे कारण शोधून, हाताने ती पुन्हा चढवावी लागते. ही सक्ती मुद्दाम ठेवलेली आहे. कारण न शोधता गॅस पुन्हा सुरू करण्याचा मोह तिच्यामुळे टळतो.

चौथा मार्ग विद्युत उपकरणांचा. जेथे दाब अतिशय मोठा आणि गॅस हवेत सोडणे अशक्य, अशा समुद्रातील तेलविहिरी, प्रक्रिया प्रकल्प व मोठ्या टर्मिनलांमध्ये तीन स्वतंत्र दाबमापक बसवतात. तिघांपैकी दोघांनी धोका सांगितला की स्वतंत्र यंत्रणा एकापाठोपाठच्या दोन झडपा काही सेकंदांत मिटवते. एकाच मापकावर विसंबले तर तो बिघडल्यास संरक्षण संपते किंवा विनाकारण प्रकल्प बंद पडतो. तिघांच्या बहुमताने दोन्ही टळते. अशा यंत्रणेची कसोटी कठोर असते : हजारदा बोलावले तर एकदाही दगा देऊ नये, अशी अपेक्षा तिच्याकडून सामान्यतः ठेवली जाते.

मर्यादांची शिडी

प्रत्यक्षात यांपैकी एकच उपाय निवडला जात नाही. त्यांची शिडी रचली जाते. कमाल ४ बारची परवानगी असलेल्या वस्तीच्या जाळ्यासाठी एक नमुन्याची मांडणी पाहू. केंद्रात दोन समांतर शाखा असतात. एक कामाची, दुसरी राखीव. कामाच्या शाखेतील रेग्युलेटर ३.० बारवर, पहारेकरी ३.४ बारवर, छोटी सुरक्षा झडप ३.७ बारवर आणि स्लॅम-शट ४.० बारवर ठेवलेले असतात. राखीव शाखेचा रेग्युलेटर २.८ बारवर असतो. त्यामुळे एरवी तो मिटलेलाच राहतो. कामाची शाखा बंद पडून दाब २.८ बारपर्यंत उतरला की तो आपोआप उघडतो आणि घरोघरच्या शेगड्या विझत नाहीत. राखीव शाखेची स्लॅम-शट किंचित वर ठेवतात. अन्यथा एकाच धक्क्याने दोन्ही शाखा मिटतील आणि सारी वस्ती गॅसविना राहील.

या आकड्यांमधील अंतर फार कमी ठेवले तर क्षुल्लक चढउतारालाही झडपा मिटू लागतात. फार ठेवले तर शेवटची पायरी नळीच्या सहनशक्तीपलीकडे जाते. ही शिडी बेतणे हे अनुभवाचे काम आहे, आणि केंद्राच्या दारामागे लावलेल्या तक्त्यावर हे आकडे स्पष्ट लिहिलेले असणे, ही चांगल्या व्यवस्थेची खूण होय.

सॅन ब्रुनो, २०१० : पहारेकरी जागा होता, पण...

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात ९ सप्टेंबर २०१० रोजी घडलेली दुर्घटना या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक आहे. पीजी अँड ई कंपनीच्या मिलपिटास येथील केंद्रात अखंड वीजपुरवठ्याच्या यंत्रणेचे काम चालू होते. विजेच्या गोंधळामुळे दाबमापकांचे संकेत चुकले. दाब पडला असे समजून नियंत्रण झडपा पूर्ण उघडल्या. पहारेकरी झडपांनी मात्र आपले काम केले आणि दाब थोपवला. सॅन ब्रुनो उपनगराजवळ तो सुमारे २६.६ बारपर्यंत चढला. परवानगी होती २७.६ बारची. म्हणजे कागदोपत्री मर्यादा ओलांडली गेलीच नव्हती.

तरीही ३० इंची नळी फाटली. आठ माणसे मृत्युमुखी पडली, ३८ घरे नष्ट झाली आणि गॅसचा प्रवाह थांबवायला ९५ मिनिटे लागली. चौकशीत आढळले की, १९५६ साली टाकलेल्या त्या तुकड्यांचे लांबीतील वेल्डिंग मुळातच सदोष होते आणि कंपनीच्या नोंदींत त्याचा पत्ताच नव्हता. अतिदाब संरक्षण परवानगीच्या आकड्याचे रक्षण करते. तो आकडाच चुकीच्या माहितीवर ठरला असेल, तर झडपा निरुपाय ठरतात, हा या घटनेचा धडा.

मेरिमॅक खोरे, २०१८ : दोन कुलुपे, एक किल्ली

दुसरी घटना अधिक बोलकी आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील लॉरेन्स, अँडोव्हर व नॉर्थ अँडोव्हर या गावांत कोलंबिया गॅस कंपनीचे जुन्या बिडाच्या नळ्यांचे कमी दाबाचे जाळे होते. दाब इतका अल्प, अवघा ३५ मिलिबार, की घरोघरी स्वतंत्र रेग्युलेटर नव्हते. केंद्रात मात्र नियमाप्रमाणे कामाचा आणि पहारेकरी असे दोन रेग्युलेटर होते.

१३ सप्टेंबर २०१८ रोजी दुपारी बिडाची एक जुनी नळी बंद करून तिची जागा नव्या प्लॅस्टिकच्या नळीने घेतली. मात्र दोन्ही रेग्युलेटरांच्या संवेदन नळ्या त्या जुन्या नळीलाच जोडलेल्या राहिल्या. बंद केलेल्या नळीतील दाब उतरू लागताच दोन्ही रेग्युलेटरांना एकच खोटे चित्र दिसले आणि दोन्ही उघडत गेले. पहारेकऱ्याला स्वतःचे डोळेच नव्हते. पाहता पाहता घरांतील शेगड्या व बॉयलरच्या ज्वाला भडकल्या. एका अठरा वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला, वीसहून अधिक माणसांना रुग्णालयात न्यावे लागले आणि १३१ वास्तूंचे नुकसान झाले. शेकडो मैल दूर असलेल्या कंपनीच्या कक्षात धोक्याचे इशारे वाजले होते. पण तेथून झडप बंद करण्याची सोयच नव्हती. अशी कामे चालू असताना केंद्रावर तंत्रज्ञ उभा करण्याची जुनी पद्धतही मागे पडली होती.

२०२० साली कंपनीने न्यायालयात दोष कबूल करून ५ कोटी ३० लाख डॉलरचा दंड भरला. त्याच वर्षी अमेरिकी संसदेने केलेल्या कायद्यात, एकाच कारणाने सारी संरक्षक उपकरणे निकामी होणार नाहीत अशी रचना असावी, असा दंडक घालण्यात आला.

येथे पुन्हा आपला कुकर आठवतो. त्याची शिटी वजनाच्या तत्त्वावर चालते. झाकणातील सुरक्षा व्हॉल्व्ह उष्णतेने वितळतो. डाळीचे साल अडकून शिटीचे छिद्र बंद झाले, तरी व्हॉल्व्हची वाट वेगळी आणि तत्त्वही वेगळे. दोन रक्षक असणे पुरेसे नाही. ते एकमेकांवर अवलंबून नसावेत, ही गोष्ट स्वयंपाकघरातील या साध्या भांड्याने केव्हाच मान्य केली आहे.

भारतातील व्यवस्था

आपल्याकडे पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ २००६ च्या कायद्यान्वये अस्तित्वात आले. मंडळाने शहरी गॅस जाळ्यांसाठी २००८ साली आणि मोठ्या वायुवाहिन्यांसाठी २००९ साली तांत्रिक व सुरक्षाविषयक नियम लागू केले. तेलउद्योग सुरक्षा संचालनालयाचे २२६ क्रमांकाचे मानकही या विषयास वाहिलेले आहे. आपली शहरी जाळी तुलनेने अलीकडची असल्याने त्यांत बिडाच्या जुन्या नळ्यांऐवजी पोलाद व पॉलिथिलीन आहे, आणि ग्राहकापाशी स्वतंत्र रेग्युलेटर असतो. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे वाढला किंवा फार घटला की पुरवठा आपोआप तोडण्याची सोय या साखळीत ठेवलेली असते. मेरिमॅकमध्ये नेमका हाच शेवटचा दरवाजा नव्हता.

तथापि गाफील राहण्याचे कारण नाही. २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातील नगरम गावी वाहिनीतून गळती होऊन लागलेल्या आगीत वीसहून अधिक बळी गेले. तेथे प्रश्न अतिदाबाचा नव्हता, तर गंजाने दुबळ्या झालेल्या नळीचा होता. झडपा कितीही चोख असल्या तरी नळीची निगा हा वेगळा विषय आहे, आणि तो तितकाच गंभीर आहे.

निगा : खरी कसोटी

संरक्षक झडपेचे वैशिष्ट्य असे की ती वर्षानुवर्षे काहीच करत नाही, आणि म्हणूनच ती बिघडली आहे हे कोणाला कळत नाही. यासाठी तिची नियतकालिक परीक्षा घ्यावी लागते. रेग्युलेटरच्या पलीकडची तोटी बंद करून दाब कोठे स्थिरावतो हे पाहतात. तो चढतच राहिला तर बैठकीत कचरा आहे किंवा ती झिजली आहे असे समजावे. स्लॅम-शटला मुद्दाम वाढीव दाब देऊन ती ठरलेल्या आकड्यालाच मिटते का, हे तपासतात. गाळण्या साफ करतात. संवेदन नळ्यांवरील तोट्या उघड्या स्थितीत कुलूपबंद ठेवतात. त्या नळ्या नेमक्या कोणत्या वाहिनीला जोडल्या आहेत हे नकाशावर नोंदलेले असावे आणि वाहिनीत कोणताही बदल करण्यापूर्वी तो नकाशा उघडला जावा, हा मेरिमॅकनंतरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा नियम होय.

ग्राहकांनी काय करावे?

शेगडीची ज्योत एकाएकी नेहमीपेक्षा उंच झाली, ती बर्नरपासून सुटून फुरफुरू लागली किंवा रेग्युलेटरमधून शिटीसारखा आवाज येऊ लागला, तर दाब वाढला असण्याची शक्यता असते. अशा वेळी शेगडीची आणि मीटरजवळची तोटी बंद करावी. गॅसचा वास येत असेल तर विजेचे बटण चालू वा बंद करू नये, काडी पेटवू नये, दारे-खिडक्या उघडून बाहेर यावे आणि मोकळ्या जागेतून कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. हा वास मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो.

गॅस अचानक बंद झाला तर तो केवळ ‘गेला’ असे समजून शेगडीचे बटण उघडे ठेवू नये. कदाचित कोठेतरी एखादी स्लॅम-शट आपले काम करून मिटली असेल. पुरवठा पूर्ववत होताच न पेटलेल्या बर्नरमधून गॅस घरात पसरू शकतो. म्हणून सर्व बटणे बंद करून कंपनीकडून खात्री झाल्यावरच शेगडी पेटवावी. रस्त्याकडेला वा बागेच्या बांधालगत गॅसवाहिनीचे खांब दिसत असतील, तर जांभा फोडण्यासाठी किंवा विहिरीच्या कामासाठी यंत्र लावण्यापूर्वी खांबावरील क्रमांकावर विचारणा करणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

नळाने गॅस येणे ही सोय आहे, आणि योग्य निगा राखली तर ती सुरक्षितही आहे. त्या सुरक्षिततेचा आधार एखादे गूढ तंत्रज्ञान नव्हे. एक रक्षक चुकला तर दुसरा उभा असावा, दुसऱ्याने पहिल्याच्या डोळ्यांनी पाहू नये, आणि दोघे जागे आहेत की नाहीत हे कोणीतरी वेळोवेळी जाऊन पाहावे, एवढीच ती व्यवस्था आहे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी अभियंता एकदाच करून ठेवू शकतो. तिसरी मात्र दरवर्षी, दर केंद्रावर, माणसालाच करावी लागते.